आडवा दिवा

आण्णांना जाऊन अकरा आठवडे झाले होते, तेव्हा तो अर्ज सुवर्णाच्या वाट्याला आला.

अर्जाचं नाव लांबलचक होतं. ‘समांगी प्रकाशात मानवी शरीराच्या पृष्ठभागावरील उंचसखलपणा दृश्यमान करणारी तिरकस प्रकाशव्यवस्था.’ पुण्यात नव्यानं उघडलेल्या पेटंट शाखेत सुवर्णा प्रकाशीय उपकरणांची तपासनीस होती. असली नावं ती चहा पिता पिता वाचून टाकायची. या नावाच्या मध्यावर आल्यावर मात्र तिनं कप खाली ठेवला. टेबलावर कपाची सावली पडली नाही. या कार्यालयात कशाचीच सावली पडत नसे. वर छताला, चारी भिंतींना, सगळीकडे ‘आभाळ’ होतं.

अर्जदारही ‘आभाळ’ बनवणारी कंपनीच होती.

नियंत्रक बिनीवाले तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. ते निवृत्तीला आले होते, पण आभाळाखाली चाळिशीचे वाटत. सगळेच वाटत.

“पाहिलंत? मागच्या खेपेला तुम्ही त्यांचा नऊ नंबरचा दावा उडवला होतात. आता तोच शर्ट बदलून आलाय.”

“पाहिलं, सर.”

“या खेपेला येऊ द्या त्याला आत. इस्पितळं नुसती बोंब मारतायत. परिचारिकांना शिरा सापडत नाहीत, डॉक्टरांना सूज दिसत नाही. कंपनी स्वतःहून उपाय काढतेय, तर आपण कशाला आडवं यायचं?”

“आडवं” हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. सुवर्णानं मान हलवली आणि फाइल उघडली.

*

आभाळाचं तत्त्व समजायला अवघड नाही. दिवा कुठलाही असो, त्याचा उजेड मध्ये दाट असतो आणि कडेला विरळ. तो सारखा करायचा तर झोताच्या वाटेत माशीच्या डोळ्यासारखी हजारो बारीक भिंगं मांडतात. प्रत्येक भिंग झोताचा एक तुकडा उचलतं आणि तो साऱ्या पृष्ठभागावर पसरतं. हजारो तुकडे एकमेकांवर पडले की दाट-विरळ उरत नाही. त्यापुढं दुधी काचेच्या जातीचा एक पडदा ठेवला की उजेड चहूकडे विखुरतो. एवढं जुनंच होतं. कंपनीनं ही दोन्ही कामं केसाएवढ्या जाडीच्या एकाच फिल्मवर आणली आणि ती फिल्म भिंतीला रंगासारखी लावता येईल अशी केली. मग दिवा असा राहिलाच नाही. खोलीच दिवा झाली. दाट धुक्यात उभं राहिल्यावर उजेड कुठून येतो ते सांगता येत नाही, तसा तो उजेड होता.

लोकांना तो फार आवडला. डोळे शिणत नसत. स्वयंपाक करताना आपलाच हात उजेडाआड येत नसे. आणि चेहरे! सुरकुती म्हणजे तरी काय, कातडीची एक घडी आणि तिची सावली. सावली गेली की घडी असून नसल्यासारखी. मंगल कार्यालयांनी आधी आभाळ बसवलं, मग शाळांनी, मग दवाखान्यांनी. तीन वर्षांत ‘घरात आभाळ घेतलं का?’ हा प्रश्न ‘गाडी घेतली का?’ इतका साधा होऊन गेला.

पहिल्या अर्जाच्या सत्तेचाळिसाव्या परिच्छेदात एक वाक्य होतं. ‘या प्रकाशात तीन मिलिमीटरपर्यंतचा उंचसखलपणा डोळ्यास जाणवत नाही, हा या शोधाचा फायदा होय.’ सुवर्णानं त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली होती. डोळ्याला खोलगट आणि फुगीर कळतं ते सावलीवरून, हे तिला पुस्तकात वाचायच्या आधीपासून माहीत होतं. ती इचलकरंजीची होती, कापड तपासणाऱ्याची मुलगी होती.

आण्णा म्हणजे श्रीपती म्हेतर. एका यंत्रमाग कारखान्याच्या घडी खात्यात ते बत्तीस वर्षं कापड तपासत होते. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं एक टेबल बनवलं होतं. लाकडी पेटीत सहा ट्यूबलाइट, त्यांच्यावर मांजरपाटाचे तीन थर, वर दुधी काच. उजेड इतका सारखा यायचा की कापड कुठं विरळ विणलंय ते लगेच कळे. पण त्या उजेडात धाग्याची गाठ दिसत नसे. म्हणून टेबलाच्या डाव्या कडेला, काचेच्या बोटभर वर, पत्र्याच्या पन्हाळीत त्यांनी एक नळी आडवी बसवली होती. ती लावली की मोहरीएवढ्या गाठीची बोटभर लांब सावली पडायची.

“गाठ बघायची तर दिवा आडवाच पाहिजे,” ते म्हणायचे. “वरनं कितीबी उजेड ओत, गाठ काय तोंड दाखवत नाही.”

यंत्रमाग संघाच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत या टेबलावर आण्णांनी लिहिलेलं अर्धं पान छापून आलं होतं. फोटोत आण्णा टेबलामागं छाती काढून उभे होते.

कंपनीच्या पहिल्या अर्जात नववा दावा होता: पटलाच्या कडेला गरजेप्रमाणे लावता येणारा एक तिरकस स्रोत. तो दावा वाचला तेव्हा सुवर्णाच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर आनंद. पेटंटचा कायदा एक कल्पित माणूस गृहीत धरतो. ‘त्या कलेत निष्णात व्यक्ती.’ अशा व्यक्तीला जी गोष्ट सहज सुचली असती तिला शोध म्हणत नाहीत. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुवर्णा या व्यक्तीची कल्पना करायची ती आण्णांच्या रूपात, अर्ध्या बाह्यांच्या बनियनमध्ये. आता त्या व्यक्तीचं नाव सरकारी कागदात घालायची संधी आली होती. तिनं घरून स्मरणिका मागवली, पान स्कॅन केलं आणि अहवालात लिहिलं: ‘दस्तऐवज ४, लेखक श्री. म्हेतर. दावा ९ पूर्वज्ञात.’ लग्नानंतरचं तिचं आडनाव शेवाळे होतं. कुणी काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही.

सुनावणीनंतर कंपनीचे वकील दस्तूर चहा घेताना हसत म्हणाले होते, “तुमच्या त्या म्हेतरांनी आमचा दिवा विझवला, मॅडम. नऊ नंबर सोडून दिला आम्ही. जी वस्तू आपली होत नाही ती बनवायची कुणासाठी?”

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. “आण्णा, तुमचं टेबल दस्तऐवज चार झालं!”

आण्णा खूप हसले. मग म्हणाले, “म्हंजे आता ते आडवा दिवा बसवणारच नाहीत?”

“नाही.”

“तसं नको. बसवा म्हणावं त्यांना. गाठ कशी दिसंल?”

“ते आपल्या हातात नसतं हो, आण्णा. आपण फक्त नवं की जुनं तेवढं बघायचं.”

“बरं,” आण्णा म्हणाले. “तू शिकलेली आहेस.”

त्या दिवाळीला तिनं इचलकरंजीच्या घरात आभाळ बसवून दिलं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तिला लख्ख दिसावं म्हणून. पुढची दोन वर्षं दर रविवारी फोनवर दोघांचे गुळगुळीत, हसरे चेहरे तिला दिसायचे. महिन्या-दोन महिन्यांनी ती जाऊन यायची. आण्णा तक्क्याला टेकून बसलेले असायचे, गालावर एक रेघ नाही. ती म्हणायची, “आण्णा, तुम्ही तर दिवसेंदिवस तरणे व्हायला लागलात!”

मग मार्चमध्ये ते न्हाणीघरात पडले. गावातल्या जुन्या दवाखान्यात अजून आभाळ पोचलेलं नव्हतं. डाव्या हाताच्या खिडकीतून सकाळचं ऊन तिरकं येत होतं. त्या उन्हात सुवर्णानं वडिलांकडं पाहिलं, आणि तिथं एक परका म्हातारा निजला होता. कानशिलं आत गेलेली. गालांचे खड्डे. गळपट्टीच्या हाडावर, डावीकडं, सुपारीएवढ्या घेराची, जेमतेम वर उठलेली गाठ.

“इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

आई भिंतीकडं बघत राहिली. आण्णा सात आठवड्यांनी गेले.

*

नव्या अर्जातली भाषा हुशारीची होती. दस्तूरांनी दस्तऐवज चार बारकाईनं वाचला होता. ‘सदर दस्तऐवज केवळ कापडाच्या तपासणीपुरता आहे. ही व्यवस्था मानवी शरीरासाठी वापरावी हे कापड तपासणाऱ्या निष्णात व्यक्तीस कदापि सुचले नसते.’

सुवर्णानं ते वाक्य तीनदा वाचलं.

सुचलं होतं. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मागावर काम करणाऱ्यांच्या बोटात फणीच्या तारेची कुसं जायची, केसाहून बारीक. ती माणसं मधल्या सुट्टीत आण्णांच्या टेबलाशी रांग लावायची. आण्णा हात काचेवर पालथा ठेवायला लावत, आडवा दिवा लावत आणि कुसाची सावली पकडत. सातवीतली सुवर्णा चिमटा घेऊन शेजारी उभी असायची.

पण तपासनिसाची आठवण हा पुरावा नसतो. हे तिनं सांगितलं नाही तर जगात कुणाला कळणार नव्हतं. आणि का सांगावं? अर्ज मंजूर झाला तर कंपनी प्रत्येक आभाळाच्या कडेला आडवा दिवा बसवील. मालकी कंपनीची राहील, पण दिवा असेल. कुठल्या तरी घरात कुणाची तरी गाठ दिसेल. नामंजूर केला तर दस्तूर पुन्हा चहा पिता पिता म्हणतील, आपलं होत नाही तर बनवायचं कुणासाठी? एकदा आण्णांचं नाव मिरवायच्या हौसेनं तिनं तो दिवा घालवला होता. आता खरं बोलून दुसऱ्यांदा घालवायचा?

शनिवारी सकाळी ती इचलकरंजीला निघाली. काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. टेबल बघायचं, एवढंच मनात होतं.

*

कारखाना बंद पडला तेव्हा आण्णांनी ते टेबल घरी आणलं होतं. मागच्या पडवीत त्यावर आता पापडाचे डबे आणि रिकामी सिलिंडरं होती. सुवर्णा ती उतरवू लागली तशी आई आतून आली.

“काय करालीस? आल्या आल्या? चहा तरी घे की.”

“चालू होतं का गं अजून?”

“इस्माईलभाईंना बोलावते. त्यांनीच वायर जोडलेली.”

इस्माईल मकानदार त्या कारखान्यात जॉबर होते. मागाचं यंत्र बिघडलं की त्यांना हाक जायची. पंचाहत्तरी उलटली तरी टेस्टर अजून खिशात. त्यांनी टेबलाखाली वाकून काही खटपट केली, दोन शिव्या हासडल्या, आणि दुधी काच उजळली. मग त्यांनी डाव्या कडेची नळी लावली.

“हे बघा, सुवर्णाताई.” त्यांनी उजव्या हाताची तर्जनी काचेवर ठेवली. पेरावर एक जुना व्रण होता, सपाट उजेडात न दिसणारा. आडव्या उजेडात तो तारेसारखा उठून दिसला. “हितनं कूस काढलं श्रीपतीनं. तुम्ही चिमटा पाडलेला, आठवतंय? मी केवढ्यांदा ओरडलो, आणि श्रीपती म्हणतोय, जॉबरसाहेब, माग कसा ओरडत नाही!”

आई हसली. सुवर्णालाही हसू आलं, अकरा आठवड्यांत पहिल्यांदा.

“इस्माईलचाचा, हे असं किती जणांचं करायचे आण्णा?”

“किती म्हंजे? सगळ्या कारखान्याचं. बाहेरचे पण यायचे. बायका पोरांना घेऊन यायच्या, पायात काटा मोडला म्हणून.”

तिनं त्यांना कंपनीचा अर्ज समजावून सांगितला. हे त्यांनी शोधलं असं ते म्हणतायत. आपण खोडून काढलं तर ते दिवा बनवणार नाहीत.

इस्माईलभाईंनी तिच्याकडं नवलानं पाहिलं. “बनवायचंय काय त्यात? दिवा आडवा धरायचा.” त्यांनी खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावली आणि काचेला टेकवून धरली. व्रणाची सावली तशीच पडली. “झालं की. कंपनी कशाला लागती?”

सुवर्णा त्या मोबाइलकडं बघत राहिली. तिच्या पर्समध्येही एक होता. दोन वर्षं, दर भेटीत, होता.

*

इस्माईलभाई गेल्यावर दोघी पडवीतच बसल्या. सुवर्णा म्हणाली, “आई, मला दिसायला पाहिजे होतं. दुसऱ्या कुणाला नसतं दिसलं तर चाललं असतं. मला माहीत होतं तो उजेड काय करतो ते. मी त्याखाली रेघ ओढलेली.”

आई टेबलावरची धूळ पदरानं पुसत होती.

“तू यायची असलीस की ते दुपारीच खिडक्या लावून घ्यायचे,” ती म्हणाली. “आभाळ लावायचे. मी म्हणायची, दिवसाढवळ्या कशाला? तर म्हणायचे, पोरीनं हौसेनं दिलंय.”

सुवर्णाला समजायला वेळ लागला.

“तुला माहीत होतं?”

“खांदा चोळताना हाताला लागली गाठ. ऑगस्टात. मिरजेला जाऊन दाखवलं. तवाच उशीर झालाय म्हणाले.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“शपथ घातलेली त्यांनी.” आईनं पदर सोडला. “बत्तीस वर्षं कापड बघितलेला माणूस. कुठल्या उजेडात काय लपतं ते त्यांना शिकवायचं व्हय? म्हणाले, पोरीनं माझं नाव सरकारी कागदात घातलं. त्याच कागदापायी तो दिवा गेला, हे तिच्या डोक्यात यायला वेळ लागायचा नाही. गाठ कळली की ती दिव्याचा हिशेब स्वतःच्या डोक्यावर घेईल. जितकं उशिरा घेईल तितकं बरं.”

पडवीच्या पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या. सुवर्णानं विचारलं, “मला दिसलं असतं तर वाचले असते?”

“नाही.”

“मग?”

“तू हितं असतीस,” आई म्हणाली. “सात महिने. रविवारी फोनवर नाही, हितं.”

आईच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर सुवर्णाला बरं वाटलं असतं.

*

सोमवारी तिनं बिनीवाल्यांच्या टेबलावर एक पान ठेवलं. त्यात लिहिलं होतं की दस्तऐवज चारचे लेखक तिचे वडील होते. ही गोष्ट तिनं पहिल्या तपासणीत कळवली नव्हती. नव्या अर्जाबाबत तिला व्यक्तिगत माहिती आहे, म्हणून ही फाइल तिच्याकडून काढून घ्यावी.

बिनीवाल्यांनी चष्मा काढला. “दस्तऐवज बरोबर होता ना? मग? कुणी विचारलं होतं का तुम्हाला?”

“नाही, सर.”

“चौकशी लागेल, मॅडम. बढतीचं वर्ष आहे तुमचं.” ते पुढं वाकले. “आणि फाइल दुसऱ्याकडं गेली तर मंजूर होईल. दुसऱ्याला कुठून कळणार कारखान्यातली गंमत?”

“पेटंट द्यायच्या आधी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. कायद्यात तसंच लिहिलंय. कोणतीही व्यक्ती.”

“तुम्ही घेऊ शकत नाही.”

“मी नाही घेणार.”

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं निरखून पाहिलं. त्या उजेडात त्यांना काहीही कळलं नसावं. “हरकत मान्य झाली तर कंपनी दिवा बनवणार नाही. चालेल तुम्हाला?”

“कुणाचाच नाही म्हटल्यावर सगळ्यांचा झाला, सर. मागच्या वेळी मी हे फक्त कंपनीला कळवलं. तिथंच चुकलं.”

त्या आठवड्यात तिनं स्मरणिकेच्या त्या पानाच्या प्रती काढल्या. खाली चार ओळी लिहिल्या: कुठलाही छोटा दिवा कातडीला जवळजवळ टेकवून, कडेनं, आडवा धरावा. परिचारिकांच्या संघटनेला, तालुक्यांच्या दवाखान्यांना तिनं ती पानं पाठवली. शेवटी स्वतःचं नाव घातलं नाही. आण्णांचं होतंच.

*

पुढच्या रविवारी हरकतीचा अर्ज घेऊन ती पुन्हा पडवीत बसली. इस्माईलभाईंचं आणि आणखी चौदा जणांची प्रतिज्ञापत्रं जोडलेली होती. आई समोर बसली होती, दुधी काचेवर कोपरं टेकून.

“हरकत घेणाऱ्याचं नाव. मालन श्रीपती म्हेतर. बरोबर?”

“बरोबर.”

“व्यवसाय?”

“आता कसला व्यवसाय?”

“पूर्वीचा सांग.”

“मागाला सुताची कांडी भरायची मी. एकवीस वर्षं.” आईनं पेन हातात घेतलं. “पण मला ह्यातलं काय कळतंय? मी कोण म्हणून सही करायची?”

“कोणतीही व्यक्ती म्हणून.”

“हे बरं आहे,” आई म्हणाली. “ते निष्णात, आणि मी कोणतीही.”

तिनं सावकाश सही केली. मग पेन ठेवलं, हात लांबवला आणि डाव्या कडेची नळी लावली. सुवर्णा कागद गोळा करत होती. आईनं तिची हनुवटी बोटांत धरली आणि चेहरा त्या उजेडाकडं वळवला. अगदी थोडा, कापडाचा काठ वळवावा तेवढा.

एवढंच करायचं होतं. दोन वर्षांत एकदा.

आई बराच वेळ बघत राहिली.

“किती वाळलीस गं,” ती म्हणाली.